इत्सेल कुणाच्या घरी राहते

वेस्लाको, टेक्सस
१ फेब्रुवारी, शनिवार

ओदिलिया,

चार वर्षांनी लिहिते आहे, म्हणून आधी कारण सांगते. खुशाली विचारायला हे पत्र नाही. तुझं कराचे फॉर्म भरायचं दुकान माझ्या घरापासून दोन मैलांवर आहे, तरी टपालाने पाठवते, कारण टपालावर तारीख असते.

आज सकाळी साडेदहाला चेंचा मावशी वाचनालयात आली. दर शनिवारी आम्ही सात जण तिथे लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून देतो. त्यासाठी मी डिसेंबरात परीक्षा दिली. सोमवार ते शुक्रवार कांद्या-संत्र्यांच्या शेडमधले वजनकाटे तपासते, शनिवारी इथे बसते. मावशीला मीच बोलावलं होतं. ती यायला तयार नव्हती.

"अगं, मी कसला कर भरणार?" फोनवर म्हणाली. "माझ्या पगारातून सरकारला काय मिळायचं?"

"सरकारला नाही, तुला मिळायचं आहे."

"चेष्टा कर म्हातारीची," म्हणाली आणि हसली. तरी दोन बस बदलून आली. पिशवीत पगाराचे कागद, इत्सेलचं सोशल सिक्युरिटी नंबरचं कार्ड आणि आम्हा सातही जणांसाठी मक्याच्या पानांत उकडलेले तमालेस.

पुढचं तुला माहीत आहे, पण हे पत्र उद्या आणखी कुणी वाचू शकेल, म्हणून नीट लिहिते. कमी मिळकतीत काम करून मूल वाढवणाऱ्या घराला सरकार कराच्या फॉर्मवर एक क्रेडिट देतं. कर शून्य निघाला तरी ती रक्कम हातात मिळते. ती भीक नाही, ती काम केल्याबद्दल असते. काम नसेल तर मिळत नाही. मूल वर्षातले सहा महिन्यांहून जास्त तुमच्या घरी राहिलेलं असावं लागतं. आणि फॉर्म भरावा लागतो. न मागता कुणी आणून देत नाही.

इत्सेल दोन वर्षांची असल्यापासून मावशीकडे आहे. आता नऊची आहे. तिची आई, मावशीची लेक, उत्तरेला गेली ती फोनपुरती उरली. सात वर्षं मावशी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची उठबस करते, आंघोळी घालते, आणि त्या पगारावर नातीला वाढवते. सात वर्षांत तिने एकदाही फॉर्म भरलेला नाही.

आज भरला. दुपारी तीनला उत्तर आलं: नामंजूर. या मुलीचा नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी फॉर्मवर आधीच लागला आहे. कुणाच्या, ते सरकार सांगत नाही.

मावशीने विचारलं, "म्हणजे माझंच काहीतरी चुकलं ना?"

मी नाही म्हटलं. याहून जास्त बोलले नाही.

हे तातडीचं का आहे तेही सांगते. मावशीच्या गाडीचा गिअरबॉक्स नोव्हेंबरात गेला. तेव्हापासून तीन घरांतलं एक काम सुटलं. उरलेल्या दोनपैकी दोन्या एउलालिया या म्हातारीचं घर बसच्या रस्त्यापासून चार मैल आत आहे. सध्या शेजारचा फिदेन्सिओ तिला सोडतो, पण तो मार्चात मुलाकडे राहायला जातोय. त्याची करडी कोरोला तो मावशीला दोन हजारांत द्यायला तयार आहे, महिनाअखेरपर्यंत थांबेन म्हणतो. कामं देणाऱ्या एजन्सीने सांगितलंय, एक मार्चपर्यंत स्वतःची गाडी दाखव, नाही तर ते घर दुसरीला देऊ. फॉर्म मंजूर झाला असता तर पैसे महिनाअखेरीस आले असते. आता कागदावर, टपालाने पाठवायचा आणि महिनोन्महिने वाट पाहायची.

प्रश्न एकच. इत्सेलचा नंबर कुठल्या फॉर्मवर गेला, हे तुला माहीत आहे का? हो किंवा नाही, एवढंच कळव.

नेरेदा


१२ फेब्रुवारी, बुधवार

ओदिलिया,

तुझं उत्तर आलं नाही. पोचपावती आली. सही तुझीच आहे.

मावशीच्या मागच्या वर्षांच्या पगाराच्या नोंदी मागवून मी जुनेही फॉर्म भरले. मागे गेलेल्या तीन वर्षांचं क्रेडिट अजून मागता येतं. त्याआधीचं कायद्याने बुडालं, ते कुणालाच परत मिळत नाही. जुन्यांपैकी दोन फॉर्म कॉम्प्युटरवरून जातात. दोन्ही नामंजूर, कारण तेच.

काल एलिसेओच्या टायरच्या दुकानात गेले. त्याच्याकडेच जायचं हे मला कसं कळलं, ते वेळ आली की लिहीन.

तुझा दीर मला बघून खूश झाला. "या काटेवाली बाई. आमचा हवेचा काटा तपासायला आलात?"

"इत्सेल तुझ्या फॉर्मवर आहे का?"

"कोण इत्सेल?"

"चेंचा मावशीची नात."

"हां, ती," तो म्हणाला. "इत्सेल नाव का तिचं?"

हे वाक्य मी तसंच्या तसं उतरवते आहे. ज्या मुलीला हा माणूस वर्षानुवर्षं आपल्या घरी राहणारी पुतणी म्हणून दाखवतो, तिचं नाव त्याला काल माझ्याकडून कळलं.

"सही तू करतोस ना?"

"सही करतो, वाचतो कुठे. ते सगळं वहिनी बघते. निम्मं मला, निम्मं तिला, शिवाय तिची फी." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने जॅक खाली ठेवला. "अगं, तू अशी बघू नकोस. मावशी फॉर्म भरतच नाही. पोर पडून होती. आणि मूल वापरलं म्हणून झिजतं थोडंच?"

पडून असलेलं मूल. हा शब्द मी तुझ्याच दुकानात शिकले. जानेवारी लागला की काउंटरवर बायका कोथिंबिरीच्या जुडीबद्दल बोलावं तशा बोलायच्या: तुझ्याकडे एखादं पडून आहे का? चार मुलं असलेल्या घराला क्रेडिट तीनचंच मिळतं, मग चौथं दिराला द्यायचं, भाच्याला द्यायचं, निम्मे पैसे घ्यायचे. सगळे असंच करतात, कुणाचं काही जात नाही, असं सगळे म्हणतात. त्यांच्या मुलांबद्दल मी आज बोलत नाही. इत्सेल पडून नव्हती. तिचा हक्काचा माणूस हयात होता, कामावर जात होता, आणि दर नाताळात तुला तमालेस पाठवत होता.

मावशीने फॉर्म का भरला नाही, हे मी तिला विचारलं. तिला तुझे शब्द पाठ आहेत. तू म्हणालीस: "मावशी, तुझी कमाई इतकी कमी आहे की तुला फॉर्म भरायची गरजच नाही."

ओदिलिया, हे वाक्य खरं आहे, आणि मला राग त्याचाच येतो. खोटं बोलली असतीस तर ते कधीतरी उघडं पडलं असतं. कायद्याने तिला गरज नव्हती. फक्त तू एवढं सांगितलं नाहीस की गरज नसताना भरला तर वर्षाला साडेतीन-चार हजार डॉलर मिळतात. तुझ्या काचेवर दोन फुटी अक्षरांत लिहिलंय, आम्ही तुमचा जास्तीत जास्त परतावा मिळवून देतो. मावशी त्या काचेसमोरून आठवड्यातून दोनदा गेलेली आहे, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही वाचत. तिला वाटायचं ते तिच्यासाठी नाही. तिला तसं वाटावं याची व्यवस्था तू केलीस.

आणि नाताळातले बूट. दरवर्षी इत्सेलला बूट आणि दोनशे डॉलर. मावशी ते शेजारणींना दाखवते. "माझ्या ओदिलियाने पाठवले. मी वाढवलं त्या पोरीला, विसरली नाही." तिच्याच पैशांतले दोनशे, आणि वर तिचेच आभार घ्यायचे. हे सुचायला किती वेळ लागला तुला?

या वर्षीचा एलिसेओचा फॉर्म तू दुरुस्त करून पाठव. मागचेही. मुलीचं नाव काढ. पैसे परत भरावे लागतील, ते तुम्ही दोघं बघा. स्वतःहून दुरुस्त केलं तर शिक्षा कमी होते, हे तू लोकांना शुल्क घेऊन सांगतेस. मी फुकट सांगते आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत थांबते. त्यानंतर मावशीचे चारही फॉर्म पुराव्यासकट कागदावर जातील आणि मग चौकशीची पत्रं दोन्ही घरी येतील.

नेरेदा


२५ फेब्रुवारी, मंगळवार

ओदिलिया,

पाकीट पोचलं. तुझा नवरा लाझारो रविवारी चर्चनंतर मावशीच्या दारात देऊन गेला. आत आला नाही. "ओदिलियाने दिलंय, गाडीसाठी," एवढं म्हणाला आणि इंजिन चालूच होतं त्या गाडीत जाऊन बसला.

मावशीला मी आदल्या आठवड्यात सगळं सांगितलं होतं. म्हणजे तुझं सगळं. ऐकून ती उठली आणि घेवड्याच्या शेंगांखालचा गॅस बारीक केला. "ओदिलियाने?" असं तीनदा विचारलं. मग म्हणाली, "तिला पैशांची काही अडचण असेल." मी म्हटलं, मावशी, तिच्याकडे दोन गाड्या आहेत. त्यावर माझ्यावरच चिडली. "तू मोजत बस. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि ती चौदाची. रात्री तुला कडेवर घेऊन फिरायची ती. तुला आठवत नाही." मला आठवतं. पण ते इथे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला कळत नाही.

तर पाकीट. तुझ्या दुकानाचंच होतं, त्यावर छापलेला तक्ता असतो तो. तुझ्याकडच्या कुठल्यातरी मुलीने सवयीने भरलेला असणार, कारण अक्षर तुझं नाही. एकूण रक्कम: दोन हजार. सेवाशुल्क: दोनशे वीस. हाती: एक हजार सातशे ऐंशी.

मावशीने चष्मा लावून वाचलं. मग मला दिलं. "हे दोनशे वीस कसले?"

"तिची फी."

"कसली फी?"

"तुला पैसे दिल्याची."

मावशी खुर्चीत बसली आणि हसायला लागली. नोव्हेंबरनंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "माझ्या घरात चोरी केली, आणि ती पिशवी उचलून नेल्याची हमालीपण माझ्याकडूनच घेतली," म्हणाली. इत्सेल आतून धावत आली, काय झालं म्हणून. "काही नाही, बाळा. तुझ्या ओदिलिया मावशीने हिशोब पाठवलाय."

पण पाकीट तिने परत केलं नाही. फ्रिजवर ठेवलं, मेणबत्तीच्या शेजारी. दोन दिवस झाले, तिथेच आहे. फिदेन्सिओ काल कुंपणावरून म्हणाला की सतराशे ऐंशीलाही देईन, चेंचा, तूच घे, परक्याला द्यायची इच्छा नाही. किल्ली तिच्या हातात ठेवून गेला, चालवून बघ म्हणून. तिने चालवून बघितली. दोन्या एउलालियाच्या घरापर्यंत गेली आणि आली. ब्रेक चांगले आहेत म्हणाली.

तुला मावशी माहीत आहे, म्हणून तू रोख पाठवलीस. चेक पाठवला असतास तर त्याचा कागद राहिला असता. एक हजार सातशे ऐंशीत तू सात वर्षं विकत घेते आहेस, आणि तिला खरंच गाडी हवी आहे. तिने पाकीट घेतलं तर मी तिला दोष देणार नाही. तुला देईन.

तिला मी काहीही सांगितलेलं नाही, घे किंवा नको. शुक्रवारी रात्री ती ठरवणार आहे. त्याआधी मला तिला एक गोष्ट सांगायची आहे. ती माझ्याबद्दल आहे. कुठली, ते तुला कळलं असेल.

नेरेदा


२ मार्च, रविवार

ओदिलिया,

मी मागे लिहिलं होतं की मला कसं कळलं ते वेळ आली की सांगेन.

पहिल्या वर्षी इत्सेलचा नंबर मी टाइप केला होता. मी एकोणीस वर्षांची होते. जानेवारीभर मी सकाळी गिऱ्हाईक बोलवायला डॉलरच्या नोटेचा पोशाख घालून तुझ्या दुकानाबाहेर रस्त्यावर नाचायचे आणि दुपारी आत येऊन फॉर्म भरायचे. त्या दिवशी भिंतीपर्यंत रांग होती. तू मागच्या टेबलावरून म्हणालीस, "एलिसेओला मावशीची पोर लाव." मी लावली. नाव, जन्मतारीख, नंबर. नातं: पुतणी. सोबत राहिल्याचे महिने: बारा. कार्डाची झेरॉक्ससुद्धा मीच काढलेली होती, इत्सेलच्या दवाखान्याच्या कागदांसाठी मावशीने कार्ड दिलं तेव्हा. मला सगळं माहीत होतं. आदल्या रविवारी मी त्या मुलीला मांडीवर घेऊन कोंबडीचा रस्सा भरवला होता.

तेव्हा मी काय विचार केला, तेही लिहिते, कारण तो विचार इथे सगळेच करतात. मला वाटलं, जातंय ते सरकारचं, मावशीचं काही जात नाही. मावशी तर फॉर्म भरत नाही. मावशीने भरला असता तर, हा प्रश्न मला पडलाच नाही. आपल्या माणसांसाठी एवढं मोठं काही असू शकतं आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, हे मला या डिसेंबरात, परीक्षेच्या पुस्तकाच्या एकविसाव्या पानावर कळलं. ते पान मी चार वेळा वाचलं. मग कॅलेंडर काढून मोजलं. सात वर्षांतली तीन कायमची गेली. मी टाइप केलेलं वर्ष त्या तिनातलं आहे. ते मी मावशीला कधीच परत मिळवून देऊ शकत नाही.

तू सगळ्यांना सांगतेस की मी भांडून दुकान सोडलं. मी भांडले नव्हते. तुझ्या पैशांत काट्यांचा कोर्स पूर्ण केला, परवाना मिळाला आणि यायची बंद झाले. दुसऱ्या वर्षी तू तो नंबर पुन्हा लावलास ते मी पाहिलं होतं, तिसऱ्या वर्षीही, आणि एक शब्द बोलले नाही. भांडले असते तर आज हे लिहावं लागलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी मावशीला हे सांगितलं. ती इत्सेलच्या गणवेशाचं बटण लावत होती. तिने दाताने दोरा तोडला.

"त्या कागदावर महिने किती लिहिलेस?"

"बारा."

"एलिसेओच्या घरी?"

"हो."

"पोरीला कांजिण्या झाल्या ते वर्ष ते. अकरा रात्री मी ओट्याला टेकून झोपले, खाटेवर तिला मोकळं झोपता यावं म्हणून." मग म्हणाली, "ओदिलियाला एवढी पत्रं लिहिलीस, त्यात हे लिहिलंस?"

"नाही."

"का?"

परवाना जाईल ही भीती होती, पण तेवढीच नव्हती. तुझ्यावर रागावता येत होतं तोवर बरं वाटत होतं.

मला वाटलं ती मला घराबाहेर काढेल. किंवा जवळ घेईल. तिने दोन्ही केलं नाही. फ्रिजवरचं पाकीट काढून टेबलावर आपटलं.

"हे घेतलं की तुम्ही दोघी सुटता," म्हणाली. "ती सुटते, तिच्यामागून तूही सुटतेस. आणि उद्या ही मोठी झाली की कागदावर काय राहील? की सात वर्षं ती एका टायरवाल्याच्या घरी राहिली. मी कोण मग? शेजारीण?"

"गाडीचं काय, मावशी?"

"गाडी गाडीच्या जागी." मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. सगळं लिही. तिचं नाव लिही. तुझंही लिही. एकीला वाचवून दुसरीला धरायचं, ते मला चालणार नाही. दोघींना मीच वाढवलंय."

म्हणून लिहिलं. चार फॉर्म आणि एक निवेदन, दोन पानी. निवेदनात माझं नाव पहिल्या परिच्छेदात आहे, तुझं दुसऱ्यात. सोबत इत्सेलच्या शाळेचा दाखला, दवाखान्याच्या नोंदी, आणि फादरांचं पत्र. मावशीने प्रत्येक पानावर सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

काल एक मार्च होता. दोन्या एउलालियाचं काम गेलं. ती म्हातारी फोनवर रडली, मावशी रडली नाही. कोरोला सकाळी अल्टन गावच्या एका माणसाने नेली. मी माझी गाडी देऊ केली. मावशी म्हणाली, "मग तू काटे पाठीवर घेऊन जाणार का?" मंगळवारी आणि गुरुवारी मी तिला सोडते, बाकी दिवस ती बसने जाते. हातात एकच घर उरलंय, अर्धा पगार. तो अर्धा पगार म्हणजे पुढच्या वर्षीचं क्रेडिटही कमी. हेही तुझ्या दोनशे वीसमध्ये धरलंस का, मला माहीत नाही.

पाकीट या पत्रासोबत परत पाठवते आहे. नोटा मोजून घे. फॉर्म उद्या सकाळी पोस्टात जातील.

नेरेदा


२२ मार्च, शनिवार

ओदिलिया,

लाझारोने शेडमध्ये येऊन मला सांगितलं की तू जेवत नाहीस, झोपत नाहीस, आणि मी बहीण नसून वैरीण आहे. मी त्या वेळी चाळीस टनांच्या काट्यावर उभी होते आणि मागे कांद्याचे अकरा ट्रक खोळंबले होते, म्हणून त्याला उत्तर देता आलं नाही. आता देते. जेव. पुढचे काही महिने ताकद लागेल.

सरकारकडून मावशीला पोच आली आहे. तपासणीला वेळ लागेल, उन्हाळाही जाईल. माझ्या परवान्याच्या कार्यालयाला मी स्वतः कळवलं. ते मला चार एप्रिलला बोलावतायत. काय होईल मला माहीत नाही. ज्या बाईने एकदा खोटा आकडा लिहिला तिने लोकांचे काटे तपासावेत का, असं त्यांनी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. मी सांगेन की तपासावेत, कारण कुठे बघायचं ते तिला माहीत असतं. त्यांना ते पटलं नाही तर मी वाद घालणार नाही.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

मावशी आता बसने फिरते. जाताना पन्नास मिनिटं, येताना पन्नास. तुला तिचं माहीत आहे, तिला शेजारी बसलेल्या माणसाशी न बोलता दोन थांबे जात नाहीत. बसमध्ये सकाळी सगळ्या तिच्यासारख्याच. कुणी हॉटेलात खोल्या झाडते, कुणी शाळेच्या स्वयंपाकघरात, कुणी म्हाताऱ्यांकडे. मी दोन महिने चर्चच्या हॉलमध्ये, लॉंड्रीत, दवाखान्याच्या बाकावर या क्रेडिटची पत्रकं ठेवत होते. सुंदर छापलेली, दोन्ही भाषांत. बायका त्यांवर कॉफीचे कप ठेवायच्या. मावशीने एक पत्रकही वाटलं नाही. मंगळवारी मी तिला गाडीतून सोडायला गेले तर म्हणाली, तू जा, मी बसनेच जाते, माझं तिथे काम अर्धं राहिलंय.

म्हणून मीही तिच्यासोबत बसमध्ये चढले. ऐकलं ते असं.

"तुझ्याकडे नातवंडं किती?" मावशीने शेजारणीला विचारलं. एदुविखेस नाव त्या बाईचं, शाळेत भांडी घासते.

"दोन. लेकीची."

"कुणाच्या घरी राहतात?"

"माझ्याच. आणखी कुणाच्या?"

"आणि कागदावर?"

"कसला कागद?"

"फॉर्म भरतेस का कराचा?"

"मी? मला कुठे गरज आहे. दुकानातली बाई म्हणाली, तुझी कमाईच नाही तेवढी."

मावशी माझ्याकडे वळली. आवाज खाली न आणता म्हणाली, "ऐकलंस? शब्द न् शब्द तोच." मग पुन्हा तिच्याकडे. "त्या पोरांची कार्डं कधी कुणाला दिली होतीस? झेरॉक्स काढायला?"

एदुविखेसने विचार केला. मग तिचा चेहरा बदलला. पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळल्या. त्यातली एक म्हणाली, "मी दिली होती. विम्याच्या वेळी." दुसरी म्हणाली, "अगं, तू पण?" ड्रायव्हरने आरशातून बघून विचारलं की बायांनो, आज उतरायचं आहे की नाही.

आज वाचनालयात चौदा बायका आल्या. एरवी पाच-सहा येतात. खुर्च्या कमी पडल्या, मुलांच्या विभागातून बुटकी स्टुलं आणली. चौदातल्या नऊ जणींच्या पिशवीत तुझ्या दुकानाची हिरवी फाइल होती. त्यातल्या पाच जणींनी आयुष्यात कधी फॉर्म भरलेला नाही, तुझ्याकडून फक्त गाडीचा विमा आणि नोटरी. त्या पाचांचे फॉर्म आम्ही आज भरले. दोन मंजूर. तीन परत आले. कारण तेच.

त्या तिघींना मी शांतपणे सांगितलं की कागदावर पाठवू, पुरावा जमवू, मिळेल. एक जण माझ्यावर ओरडली. तुम्ही शिकलेल्या मुली इतकी वर्षं कुठे होतात, म्हणाली. मी तिला सांगितलं मी कुठे होते ते. दुकानाचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, काय टाइप केलं ते सांगितलं. मग मावशी म्हणाली, "ही माझी धाकटी. थोरलीकडे सोमवारी जायचं आहे."

म्हणून हे पत्र तुला आधी पोचावं अशी माझी इच्छा आहे. टपालाने वेळेत येणार नाही, आज पहिल्यांदाच तुझ्या दाराखालून सरकवते आहे.

भरलेल्या फॉर्मची नोंद तीन वर्षं ठेवणं तुला बंधनकारक आहे. या बायका येऊन फक्त एवढंच विचारणार आहेत की आमची मुलं तू कुणाकुणाला दिलीस. त्यांना नावं दे. गोड बोलू नकोस, कॉफी देऊ नकोस, आणि रोख तर अजिबात काढू नकोस. त्यातल्या एकीलाही मी तुझ्यावर ओरडू नकोस असं सांगितलेलं नाही.

सोमवारी दहाच्या बसने येतायत. मावशी पुढे असेल. मी रजा घेतली आहे, मीही असेन. दुकान उघडं ठेव.

नेरेदा